बंद केलेली मालिका परत कशी आली: ‘कॅग्नी अँड लेसी’, १९८१ ते १९८४

जुन्या अमेरिकन मालिकांच्या गप्पा निघाल्या की ‘कॅग्नी अँड लेसी’ या दोन महिला पोलिसांवरच्या मालिकेची गोष्ट एका दमात सांगून होते. सीबीएस या वाहिनीने मालिका बंद केली, प्रेक्षकांनी पोत्यांनी पत्रं धाडली, वाहिनी नमली, मालिका परत आली. गोष्ट खरी आहे, पण सांगताना तिच्यातले नको ते तुकडे गळून पडतात. मालिका वाचावी म्हणून त्याआधी एका अभिनेत्रीला घरी बसवलं गेलं होतं. पत्रं आपसूक आली असली तरी ती कुठे जावीत हे कुणीतरी ठरवत होतं. आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे सुधारले ते मालिका बंद झाल्याचं जाहीर झाल्यानंतर.

म्हणून हे प्रकरण क्रमाने मांडून पाहतो. यातली माणसं सार्वजनिक जीवनातली आहेत, तेव्हा नावं दिली आहेत. अपवाद सीबीएसमधल्या एका अधिकाऱ्याचा. त्याचं बोलणं छापून आलं, नाव मात्र छापलं गेलं नाही. इथेही तो ‘अधिकारी’ एवढाच.

पार्श्वभूमी

सुरुवात १९७४ची. समीक्षक मॉली हॅस्केल यांचं हॉलिवूडमधल्या स्त्रियांच्या चित्रणावरचं पुस्तक त्या वर्षी आलं. पडद्यावर पुरुषांच्या दोस्तीचे चित्रपट ढिगाने येतात, तशी दोन बायकांची दोस्ती कुठे आहे, हा त्यातून पुढे येणारा प्रश्न होता. बार्नी रोझेनझ्वाइग हा निर्माता, त्याची तेव्हाची जोडीदार बार्बरा कॉर्डे आणि कॉर्डेची लेखनातली भागीदार बार्बरा अ‍ॅव्हेडन या तिघांना त्या प्रश्नात चित्रपट दिसला. न्यूयॉर्कमध्ये महिला पोलिसांना गस्तीचं काम मिळून जेमतेम एक-दोन वर्षं झाली होती. दोघी बार्बरा तिथे गेल्या, महिला पोलिसांसोबत राहिल्या, त्यांचं काम आणि त्यांच्या गप्पा ऐकून आल्या आणि पटकथा लिहिली. ती विनोदी होती आणि पडद्यासाठी होती. मालिकेचा विचारही नव्हता.

स्टुडिओंनी नकार दिला. एमजीएमकडून होकारासारखं काही आलं तेही अटीसह: रॅकेल वेल्च आणि अ‍ॅन-मार्गरेट यांना घ्या. म्हणजे ज्या चित्रणाला कंटाळून पटकथा लिहिली, तेच चित्रण करा म्हणजे पैसे देतो. चित्रपट झाला नाही, पटकथा पाचेक वर्षं कपाटात पडून राहिली.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. याच रोझेनझ्वाइगने मधल्या काळात ‘चार्लीज एंजल्स’च्या पहिल्या मोसमाची निर्मिती केली. तीन देखण्या तरुणी, हातात पिस्तुलं, केस कायम नुकते विंचरल्यासारखे. बायकांना पोलिसी कामात दाखवायला वाहिन्यांची हरकत नव्हती, हे त्याला आतून माहीत होतं. हरकत कशाला असते, हे पुढे कळणार होतं.

१९८०मध्ये त्याने पटकथा दूरचित्रवाणीकडे नेली. सीबीएसने दोन तासांचा चित्रपट करायचं कबूल केलं. विनोदाचा भर काढला, वास्तवाच्या अंगाने पुन्हा लिहिलं, चित्रीकरण टोरांटोत झालं. क्रिस्टीन कॅग्नी झाली लोरेटा स्विट, कारण ‘मॅश’ या मालिकेमुळे घराघरात पोचलेल्या स्विटबरोबर चित्रपट करायचं सीबीएसचं आधीपासून ठरलेलं होतं. मेरी बेथ लेसी झाली टाइन डेली. स्त्रीवादी कार्यकर्त्या ग्लोरिया स्टायनम यांच्या ‘मिझ’ मासिकाने दोघींना मुखपृष्ठावर घेतलं. ८ ऑक्टोबर १९८१ला चित्रपट दाखवला गेला आणि त्याला ४२चा ‘शेअर’ मिळाला. त्या वेळी जेवढे टीव्ही चालू होते, त्यांतल्या शंभरांपैकी बेचाळीसवर हाच चित्रपट लागला होता, असा त्याचा अर्थ. तीन मोठ्या वाहिन्यांच्या त्या जमान्यात ३०च्या आसपास शेअर असला की मालिकेला धोका नसे. सीबीएसने लगेच मालिका मागितली.

स्विट मात्र ‘मॅश’च्या करारात अडकलेली होती आणि ‘मॅश’ फेब्रुवारी १९८३पर्यंत चालणार होती. तिच्या जागी मेग फॉस्टर आली. २५ मार्च १९८२ला, गुरुवारी रात्री ९ वाजता, पहिला भाग लागला.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत मिसळल्या, हेच या प्रकरणाचं मूळ दुखणं.

पहिली आकड्यांची. मालिकेच्या आधी ‘मॅग्नम, पी. आय.’ लागायची. हवाईचा समुद्र, लाल फेरारी, मिशीवाला टॉम सेलेक. त्यानंतर न्यूयॉर्कच्या ठाण्यात दमलेल्या दोन बायका. आधीचा प्रेक्षक थांबत नव्हता. सीबीएसचा कार्यक्रमप्रमुख हार्वी शेपर्ड पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मालिका गुंडाळायच्या बेतात होता. रोझेनझ्वाइगचं म्हणणं होतं की दोष मालिकेचा नाही, वेळेचा आहे. एकदा रविवारी रात्री १० वाजता लावून बघा. शेपर्डने ते ऐकलं. निर्मिती कंपनी फिल्मवेजने डेली आणि फॉस्टरला शहराशहरांत फिरवलं, मुलाखती दिल्या-घेतल्या. २५ एप्रिलच्या त्या रविवारी शेअर ३४वर गेला आणि आठवड्याच्या यादीत मालिका सातव्या क्रमांकावर आली.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. आकड्यांची तक्रार होती, आकडे आले. पण मग दुसरी अडचण वर आली, जी बहुधा आधीपासून तळाशी होती. सीबीएसने पुढचा मोसम देऊ केला, तोही अट घालून: मेग फॉस्टरला बदला.

कारण जून १९८२मध्ये ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकात आलं. अनाम अधिकाऱ्याने सांगितलं की या दोघी फारच कडक स्त्रीमुक्तीवाल्या आहेत, पोलिसी कामापेक्षा व्यवस्थेशी भांडण्यातच त्यांना रस दिसतो, आणि ‘आम्हाला त्या समलिंगी वाटल्या’. त्याने वापरलेला शब्द शिवीच्या पातळीवरचा होता. मी सौम्य करून लिहितो आहे.

वाक्यात अनेकवचन आहे. काढलं मात्र एकीला. लेसीला नवरा होता, हार्वी, बांधकामावर काम करणारा, दोन मुलगे होते, स्वयंपाकघर होतं. टाइन डेलीची लेसी कितीही तिखट बोलली तरी तिच्यामागे संसार दिसत राहायचा. कॅग्नी एकटी होती, लग्नाची घाई नसलेली, बढतीची घाई असलेली. शिवाय फॉस्टरने १९७८च्या एका चित्रपटात समलिंगी स्त्रीची भूमिका केली होती. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे, पण संसार नसलेल्या बाईचा कणखरपणा तिच्या सोबतिणीच्या कणखरपणापेक्षा वाहिनीला जास्त बोचला, एवढं दोघींच्या नशिबातल्या फरकावरून सरळ दिसतं.

पहिला निर्णय: अट मानायची का

रोझेनझ्वाइगपुढे फार वाटा नव्हत्या. अट धुडकावली तर मालिका सहा भागांवर संपणार. दुसऱ्या वाहिनीकडे जायचं तर मोठ्या वाहिन्या आणखी दोनच, आणि जी मालिका सीबीएसने ‘फार कडक’ म्हणून टाकली ती उचलायला त्यांतलं कुणी पुढे येण्याची शक्यता जवळपास शून्य. किंवा अट मान्य करायची, अभिनेत्री बदलायची आणि लिखाणात जमेल तेवढं राखायचं.

त्याने शेवटची वाट धरली. त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते: शॅरन ग्लेस ही त्याच्या मनातली कॅग्नी अगदी पहिल्यापासून होती. ती युनिव्हर्सल स्टुडिओच्या पगारी करारातल्या शेवटच्या नटमंडळींपैकी, त्यामुळे चित्रपटाच्या वेळी हाती लागली नव्हती. १९८२मध्ये तिची ‘हाउस कॉल्स’ ही मालिका संपली आणि ती मोकळी झाली. ‘हाउस कॉल्स’मध्येही ती लिन रेडग्रेव्हच्या जागी आली होती. म्हणजे दुसऱ्या बाईला काढून रिकामी झालेली खुर्ची तिच्यापुढे लागोपाठ दुसऱ्यांदा येत होती. ती बसली.

पात्रही बदललं, आणि हा भाग मला पडद्यामागच्या सगळ्या किश्शांत सगळ्यात बोलका वाटतो. फॉस्टरची कॅग्नी कामगार वस्तीतली, रोखठोक. ग्लेसच्या कॅग्नीला श्रीमंत घराण्यातली आई मिळाली, चांगले कपडे मिळाले, पुरुषमित्र मिळाले. वडील मात्र निवृत्त पोलीसच राहिले, चार्ली, दारूच्या आहारी गेलेला. वाहिनीला मऊपणा हवा होता. लेखकांनी तो कोट आणि स्वेटरमध्ये दिला आणि बापाच्या बाटलीतून पुढच्या पाच वर्षांची गोष्ट लावून ठेवली. १९८७मध्ये कॅग्नी स्वतःच दारूच्या व्यसनात सापडल्याचं कथानक आलं, त्याची मुळं इथे आहेत. मेरी कॅनने गायलेलं पहिल्या मोसमाचं शीर्षकगीतही गेलं. बिल काँटीचं नुसत्या वाद्यांचं संगीत आलं.

अट मानूनही निर्मात्यांनी काय सोडलं नाही, हे बघायचं तर ठाण्यातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाकडे बघावं. चौदाव्या प्रिसिंक्टच्या, म्हणजे त्यांच्या ठाण्याच्या, खोलीत टेबलं एकमेकांना लागून, फोन वाजताहेत, सहकारी इसबेकी काहीतरी खवचट बोलतो आहे, लेफ्टनंट सॅम्युअल्स दारातून हाक मारतो आहे. तिथे खासगी बोलायला जागाच नाही. मग दोघी उठतात आणि स्वच्छतागृहात जातात, कारण पुरुष येऊ शकत नाहीत अशी ती एकच खोली. बेसिन, आरसा, भिंतीला टेकून उभी लेसी, येरझाऱ्या घालणारी कॅग्नी. भांडण तिथे, माफी तिथे, संशयितावर उलटसुलट तर्कही तिथेच. कोणत्याही अधिकाऱ्याने अटींच्या यादीत स्वच्छतागृह घातलं नव्हतं, त्यामुळे ते वाचलं. मालिकेचा प्राण तिथेच होता असं माझं मत आहे.

चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत व्हायचं. ती इमारत ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव लेसी स्ट्रीट. हा योगायोग इतका सुबक आहे की कुणी पटकथेत लिहिला असता तर कापला गेला असता.

मे १९८३: मालिका बंद

ग्लेससह नवा मोसम १९८२च्या शरदात सोमवारी रात्री १० वाजता आला. ही वेळ ‘लू ग्रँट’ ही मालिका बंद झाल्यामुळे रिकामी झालेली. समोर एबीसी वाहिनीवर अमेरिकन फुटबॉल, एनबीसीवर चित्रपट. समीक्षकांनी चांगलं लिहिलं, आकडे मात्र तळाशी राहिले. मे १९८३मध्ये सीबीएसने मालिका बंद केली. सेट मोडले, नटांना करारातून मोकळं केलं. वाहिनीच्या बाजूने बघितलं तर हा निर्णय वेडगळ नव्हता. एक पूर्ण मोसम दिला, अभिनेत्री बदलून पाहिली, आकडे आले नाहीत.

पण त्याच सुमारास एनबीसीत काय चाललं होतं, ते शेजारी ठेवून पाहावं. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीस मालिका १९८१मध्ये पहिल्या मोसमात आकड्यांच्या तळाशी होती. एनबीसी तिन्ही वाहिन्यांत शेवटची, गमावण्यासारखं थोडं. त्यांनी मालिका राखली, त्या वर्षी तिला आठ एमी, म्हणजे अमेरिकन दूरचित्रवाणीचे सर्वांत मानाचे पुरस्कार, मिळाले आणि ती वाहिनीची शान झाली. सीबीएसकडे लोकप्रिय मालिकांची रांग होती. ज्याच्या कोठारात धान्य आहे तो एका पोत्याला कशाला जपेल?

दुसरा निर्णय: पत्रं कुणाला

आता पत्रांचं. पत्रमोहिमेचा नमुना अमेरिकेत आधीच होता. १९६८मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी एनबीसीकडे पत्रं पाठवून तिसरा मोसम मिळवला होता. पुढच्या वर्षी मालिका बंदच झाली, हा त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग.

रोझेनझ्वाइगकडे चाहत्यांची पत्रं येतच होती. बहुतेक बायकांची: नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या, काही शाळकरी मुलींचीही. निर्माते अशा पत्रांना सहीचा फोटो पाठवतात आणि फाइल बंद होते. याने उत्तरात काम सांगितलं. तुमचं प्रेम मला कळलं, आता हेच सीबीएसला लिहा आणि तुमच्या गावच्या वर्तमानपत्राला लिहा.

त्यातला दुसरा पत्ता महत्त्वाचा. वाहिनीकडे गेलेलं पत्र टपालखोलीत मोजलं जातं आणि आकडा होतो. वर्तमानपत्राकडे गेलेलं पत्र छापलं जाऊ शकतं, त्यावर टीव्हीचं सदर लिहिणारा दोन परिच्छेद लिहू शकतो आणि तो अंक जाहिरातदाराच्या टेबलावरही पडतो. गावोगावच्या सदरलेखकांना मालिका आवडत होतीच. वाचकांची पत्रं हातात आल्यावर त्यांना लिहायला निमित्त मिळालं. स्त्रियांच्या संघटनांनीही जोर लावला. मिशिगनमधली शिक्षिका डोरोथी स्वॉन्सन आणि तिच्यासारख्या प्रेक्षकांनी तर मोहिमेला स्वतःचं काम करून टाकलं.

दरम्यान उन्हाळा आला. अमेरिकेत तेव्हा उन्हाळ्यात वाहिन्या जुने भाग पुन्हा दाखवत. फुटबॉल नाही, समोर नवं काही नाही. बंद केलेल्या या मालिकेचे तेच भाग पहिल्या दहांत जाऊ लागले. ज्यांनी गाजावाजा ऐकून पहिल्यांदा टीव्ही लावला त्यांचाही यात वाटा असणार. मग सप्टेंबर उजाडला. एमीच्या समारंभात नाट्यमालिकेतली सर्वोत्तम अभिनेत्री म्हणून नाव आलं टाइन डेलीचं. ज्या मालिकेसाठी बक्षीस मिळालं, ती त्या क्षणी कुठेच चालू नव्हती.

सीबीएसपुढचा पेच आता उघडा होता. निर्णयाला चिकटून राहायचं, तर उन्हाळ्याचे आकडे आणि एमी दोन्ही समोर होते. पूर्ण मोसम द्यायचा, तर मे महिन्यातला निर्णय चूक ठरतो. त्यांनी मधली वाट काढली: सात भाग, चाचणीसाठी.

निष्पत्ती

मोडलेले सेट पुन्हा उभे करावे लागले, मोकळे केलेले नट पुन्हा बांधून घ्यावे लागले. दोन्ही नायिका परतल्या. १९ मार्च १९८४ला मालिका पुन्हा सुरू झाली. सात भाग टिकले, पूर्ण मोसम मिळाला, आणि मालिका १६ मे १९८८पर्यंत चालली. एकूण १२५ भाग.

पुढचे आकडे कुणालाही मोहात पाडतील असे आहेत. १९८३ ते १९८८ अशी सहा वर्षं नाट्यमालिकेतल्या सर्वोत्तम अभिनेत्रीचा एमी याच दोघींत फिरत राहिला: डेलीला चार, ग्लेसला दोन. १९८५ आणि १९८६ला सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी मिळाला. हार्वी लेसी झालेल्या जॉन कार्लेनलाही १९८६मध्ये एक. ला गार्डिया ही भूमिका करणारा सिडनी क्लूट १९८५मध्ये गेला, तरी त्याचं नाव शेवटपर्यंत श्रेयनामावलीतून काढलं नाही.

माझ्या दृष्टीने निष्पत्ती विषयांत जास्त दिसते. परतलेल्या मालिकेला आता कुणी मऊ व्हायला सांगत नव्हतं, निदान तेवढ्या आवाजात तरी नाही. १९८५च्या सुरुवातीला लेसीला स्तनाचा कर्करोग झाल्याचं दोन भागांचं कथानक आलं आणि तिने पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढण्याचा पर्याय निवडला. हा पर्याय अनेक प्रेक्षक स्त्रियांना डॉक्टरकडूनही ऐकायला मिळाला नव्हता. टाइन डेली गरोदर राहिली तेव्हा तिला टेबलामागे किंवा मोठ्या पर्समागे लपवण्याऐवजी लेसीच गरोदर झाली आणि पोट पुढे आलेली पोलीस अधिकारी तपास करताना दिसली. नोव्हेंबर १९८५च्या ‘द क्लिनिक’ या भागात गर्भपात केंद्रावरच्या बॉम्बहल्ल्याचा तपास होता. गर्भपातविरोधी संघटनेने तो भाग दाखवू नये अशी मागणी केली. सीबीएसने दाखवला. तीन वर्षांपूर्वी याच वाहिनीला कॅग्नीचा बोलण्याचा सूर झेपत नव्हता.

पुरुष पात्रांचं काय झालं, बढत्या कुणाला मिळाल्या, यावर वेगळं लिहिता येईल, इथे नको.

वेगळं काय करता आलं असतं

सीबीएसपासून सुरुवात करू. मोजणी घरांची होत होती. कोणत्या घरात कोण बघतंय, याची बारकी माहिती निर्णयाच्या टेबलावर असल्याचं कुठे दिसत नाही. सोमवारी रात्री १० वाजता फुटबॉल न बघणारं घरातलं माणूस कोण, हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर याच वेळेचा उपयोग करून घेता आला असता. पुढे ही मालिका सोमवारी रात्री १०लाच स्थिरावली आणि तिथेच गाजली. म्हणजे वेळही वाईट नव्हती; जम बसायला मुदत लागत होती. एप्रिल १९८२च्या रविवारच्या प्रयोगाने एवढं तरी दाखवून दिलं होतं की मालिका लोकांना माहीत झाली तर ते ती लावतात. त्या प्रयोगातून वाहिनीने फक्त तात्पुरती माघार घेतली, धडा घेतला नाही.

सेट मोडण्याची घाईही. बंद केलेल्या मालिकेचे सेट साठवायला भाडं लागतं, मान्य. पण बंद केलेली मालिका उन्हाळ्यात पुन्हा दाखवणार असाल, तर उन्हाळा संपेपर्यंत तिचे लाकडी खांब ठेवण्यात शहाणपण होतं.

निर्मात्याच्या बाबतीत माझं मत थोडं दुभंगलेलं आहे. अट मानली नसती तर ‘द क्लिनिक’ नाही, कर्करोगाचं कथानक नाही, सहा एमी नाहीत. हिशेब सरळ आहे. शॅरन ग्लेसने भूमिका स्वतःची केली, हेही निर्विवाद. पण ‘टीव्ही गाइड’मधलं ते वाक्य छापून आलं तेव्हा प्रश्न उघड्यावर आला होता. फॉस्टरचा अभिनय वाईट होता असं अधिकारीही म्हणत नव्हता. त्या वेळी निर्मात्यांनी जाहीरपणे एवढं म्हणायला हवं होतं की हा बदल अभिनयामुळे झालेला नाही. मालिका जाण्याचा धोका होता, पण अट मान्य करूनही एवढं बोलता येतं. त्याऐवजी नव्या कॅग्नीच्या स्वागतात जुनी कॅग्नी पुसली गेली. वर्षभराने ज्या पत्रलेखकांनी मालिकेसाठी आकाशपाताळ एक केलं, त्यांना १९८२च्या उन्हाळ्यात कुणी पत्ता दिला नव्हता. दिला असता तर फॉस्टरसाठी पत्रं आली असती का? सहा भागांत तेवढं प्रेम जमतं का? मला शंका आहे. तरी पत्ता द्यायला काही लागलं नसतं.

पत्रमोहिमेबद्दलही एक सावधगिरी. फक्त पत्रं आली असती, उन्हाळ्याचे आकडे आणि एमी नसता, तर सीबीएसने माघार घेतली असती असं मला वाटत नाही. उलट नुसता एमी आला असता आणि पत्रं नसती, तर तो उशिरा मिळालेला मान म्हणून दोन दिवस छापून आला असता. पत्रांनी चार महिने विषय गरम ठेवला, एवढ्यात उन्हाळा आणि सप्टेंबर येऊन पोचले. मोहीम चालवणाऱ्यांनी तारखा हेरून हे केलं नव्हतं. एमी कुणाला मिळणार हे त्यांना काय माहीत! पण मेमध्ये सुरू झालेली मोहीम जूनमध्ये दमली असती तर सप्टेंबरपर्यंत काही उरलं नसतं, आणि ती दमली नाही याचं श्रेय उत्तरादाखल काम सांगणाऱ्या त्या पत्रांना जातं.

डोरोथी स्वॉन्सनने १९८४मध्ये डोना डीन हिच्यासोबत ‘व्ह्यूअर्स फॉर क्वालिटी टेलिव्हिजन’ नावाची प्रेक्षकांची संघटनाच काढली. ती २०००पर्यंत चालली. १९८७मध्ये ‘डिझायनिंग विमेन’ या मालिकेची वेळ सीबीएसने इकडेतिकडे हलवली आणि मग ती थांबवली, तेव्हा पत्रं पुन्हा त्याच वाहिनीवर आली. या खेपेला लिहिणाऱ्यांना कुणी पत्ते सांगावे लागले नाहीत.